ब्रिटिश ॲडमिरलचं करिअर कागदांवरून कसं उलगडायचं

दुसऱ्या महायुद्धाचं किंवा नेल्सनच्या काळाचं वाचता वाचता एखादा ब्रिटिश ॲडमिरल मनात घर करून बसतो आणि मग वाटतं की या माणसाची नोकरी नेमकी कशी झाली, कुठून सुरू झाली, मध्ये कुठे अडकली, ते आपण स्वतः शोधून काढावं. हे घरबसल्या जमतं, बरेच कागद आता ऑनलाइन आहेत. फक्त वाचायची पद्धत माहीत नसेल तर माणूस पहिल्याच आठवड्यात चुकीच्या निष्कर्षावर पोचतो, मी पोचलो होतो म्हणून सांगतोय.

माझी चूक अशी. बर्ट्रम रॅम्से, म्हणजे डंकर्कची माघार (फ्रान्सच्या किनाऱ्यावर अडकलेलं सैन्य समुद्रातून इंग्लंडला आणलं ती) आणि पुढे 1944 च्या फ्रान्सवरच्या हल्ल्यात नॉर्मंडीचं आरमार ज्याने हाताळलं तो, त्याच्या नोकरीचा तक्ता मी करायला घेतला आणि 1938 ला "रिटायर्ड" हा शब्द दिसला तसा खाली रेघ मारली. डंकर्क 1940 चं, मग हा माणूस तिथे कसा? दोन दिवस मला वाटत होतं की मी दुसऱ्याच कुणाचा कागद बघतोय. तसं नव्हतं. रिटायर झालेलाच माणूस डोव्हरला बसून ते काम करत होता. त्या दोन दिवसांत मला जे कळलं त्यावरच ही सगळी पद्धत उभी आहे: हुद्दा वेगळा, नेमणूक वेगळी आणि यादीतली जागा वेगळी, या तिन्ही गोष्टी कधीच एका रकान्यात लिहायच्या नाहीत.

म्हणून आधी एक साधी वही घ्या किंवा एक्सेल उघडा आणि चार रकाने आखा. पहिल्यात तारीख. दुसऱ्यात हुद्दा, म्हणजे लेफ्टनंट, कमांडर, कॅप्टन, रिअर ॲडमिरल वगैरे. तिसऱ्यात नेमणूक, म्हणजे कुठलं जहाज किंवा कुठलं ऑफिस. चौथ्यात तो कुठल्या यादीत आहे, ॲक्टिव्ह, हाफ पे (म्हणजे काम नाही, अर्ध्या पगारावर बसलेला) की रिटायर्ड. चौथा रकाना बहुतेक लोक आखतच नाहीत आणि खरी गोष्ट तिथेच असते.

हुद्द्यांचं थोडं समजून घ्या नाहीतर पुढे गोंधळ होतो. नौदलातला कॅप्टन म्हणजे लष्करातला कॅप्टन नव्हे, तो लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा, आणि नौदलाचा लेफ्टनंट हा लष्करातल्या कॅप्टनच्या बरोबरीचा. लेफ्टनंट कमांडर हा हुद्दा 1914 साली आला, त्याच्या आधीच्या माणसाच्या तक्त्यात तो शोधत बसू नका. कमोडोर हा तर कितीतरी काळ हुद्दा नव्हताच, कॅप्टनला तात्पुरती दिलेली जागा होती ती, काम संपलं की माणूस परत कॅप्टन, त्याला कुणी डिमोशन म्हणत नसे. आणि कॅप्टनच्या वर रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल, ॲडमिरल आणि सगळ्यात वर ॲडमिरल ऑफ द फ्लीट. नेल्सनच्या काळात याला अजून रंग जोडलेले होते, निळा, पांढरा, लाल, त्यात निळा सगळ्यात खालचा, ही रंगांची भानगड 1864 ला बंद झाली. त्यामुळे "व्हाइस ॲडमिरल ऑफ द व्हाइट" असं दिसलं की घाबरू नका, ट्रफाल्गरच्या लढाईत मेला तेव्हा नेल्सन याच हुद्द्यावर होता.

आता प्रमोशन कसं व्हायचं हे, कारण यावाचून तारखांना अर्थच लागत नाही. लेफ्टनंटचा कमांडर आणि कमांडरचा कॅप्टन होणं हे निवडीवर होतं, वरच्यांच्या नजरेत भरलात तर झालात, नाहीतर तिथेच राहिलात. पण एकदा कॅप्टन झालात की पुढे सगळा नंबर सीनियॉरिटीचा, वरचे लोक मरणार, रिटायर होणार किंवा वर सरकणार, मगच तुमची पाळी. नेल्सन 1779 ला कॅप्टन झाला तेव्हा विशीत होता आणि रिअर ॲडमिरल झाला 20 फेब्रुवारी 1797 ला. केप सेंट व्हिन्सेंटची लढाई 14 फेब्रुवारीला झालेली, म्हणून पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं की लढाई जिंकून दिली म्हणून बढती मिळाली, तर तसं नाही, लढाईसाठी त्याला नाइट ऑफ द बाथ हा किताब दिला, हुद्दा मात्र त्याच्या नंबरने आला. मध्ये 1787 च्या शेवटापासून 1793 पर्यंत तो नॉरफोकमध्ये गावी अर्ध्या पगारावर बसून होता, जहाज नाही, काम नाही, पण सीनियॉरिटी मात्र त्या पाच वर्षांतही पुढे सरकत होती. हे लक्षात आलं की रिकामी वर्षं बघायची सवय लागते.

विसाव्या शतकात याला अजून एक जोड मिळते, ती फार कामाची आहे. कमांडर आणि कॅप्टनच्या नेहमीच्या बढत्या वर्षातून दोनदा जाहीर व्हायच्या, 30 जून आणि 31 डिसेंबर. तुमच्या माणसाची तारीख या दोन्हीपैकी असेल तर तो नेहमीच्या यादीत निवडला गेला. दुसरीच कुठली तारीख असेल तर थांबा, काहीतरी खास घडलेलं असू शकतं, युद्धातली कामगिरी वगैरे, आणि त्याच्या आसपासचे कागद उघडायचे.

तर सुरुवात कुठून करायची? नेव्ही लिस्टपासून. ही नौदलाची छापील यादी, अधिकृत स्वरूपात 1814 पासून निघते, आणि नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने दोन्ही महायुद्धांच्या काळातले अंक स्कॅन करून फुकट ठेवलेत. आधी नावांची यादी असते, नावासमोर हुद्दा, त्या हुद्द्याची सीनियॉरिटीची तारीख आणि एक आकडा, त्या आकड्यावरून पुढे जहाजांच्या यादीत जायचं की तो कुठल्या जहाजावर आहे ते कळतं. पहिल्यांदा त्रास होतो, दोन-तीन अंक केले की हात बसतो. सगळे अंक बघायची गरज नाही, दर वर्षाचा एक बघा आणि जिथे काही बदल दिसेल तिथेच मधले अंक उघडा.

आणि नाव पूर्ण घ्या, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. रॅम्सेचंच बघा, बर्ट्रम होम रॅम्से, आणि त्याच काळात अलेक्झांडर रॅम्से नावाचा दुसरा ॲडमिरल होता, राजघराण्याचा जावई, जो ईस्ट इंडीज स्टेशनचा कमांडर-इन-चीफ आणि मग फिफ्थ सी लॉर्ड होता. सर्चमध्ये नुसतं रॅम्से टाकलं तर दोघांची आयुष्यं एकमेकांत कालवली जातात. त्याहून वाईट कनिंगहॅमची जोडी. अँड्र्यू कनिंगहॅम आणि जॉन कनिंगहॅम, नात्याने काही नाही, पण दोघेही मेडिटरेनियनचे कमांडर-इन-चीफ झाले आणि दोघेही फर्स्ट सी लॉर्ड झाले, अँड्र्यू 1943 ते 46 आणि त्याच्यामागोमाग लगेच जॉन. इथे नुसत्या पदावरून माणूस ओळखायला गेलात तर हमखास फसाल, तारीख हवीच.

पदांवरून आठवलं, फर्स्ट सी लॉर्ड आणि फर्स्ट लॉर्ड ऑफ द ॲडमिरल्टी (ॲडमिरल्टी म्हणजे नौदलाचा कारभार बघणारं सरकारी खातं) ही एकच गोष्ट समजू नका. फर्स्ट सी लॉर्ड हा नौदलाचा माणूस, सगळ्यात वरचा अधिकारी. फर्स्ट लॉर्ड हा राजकारणी, मंत्री असायचा. चर्चिल 1911 ते 15 आणि पुन्हा 1939-40 ला होता तो हा फर्स्ट लॉर्ड. आणि 1904 च्या आधी फर्स्ट सी लॉर्डलाच फर्स्ट नेव्हल लॉर्ड म्हणत.

नेव्ही लिस्टमधला सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे जमिनीवरची जहाजं. ब्रिटिश नौदलात प्रत्येक माणूस कुठल्यातरी जहाजाच्या पटावर असलाच पाहिजे असा रिवाज, मग जो ऑफिसात काम करतो त्याचं काय, तर त्याच्यासाठी नावापुरतं जहाज. लंडनला ॲडमिरल्टीत काम करणारे अधिकारी एच.एम.एस. प्रेसिडेंटच्या पटावर. डोव्हरचा तळ लिंक्स. चॅटमचा पेम्ब्रोक. पोर्ट्समथला कितीतरी जण व्हिक्टरीच्या पटावर, आणि नवा माणूस आनंदाने लिहितो की अमुक अधिकाऱ्याने नेल्सनच्या जहाजावर नोकरी केली, अहो ते जहाज 1922 पासून सुक्या गोदीत उभं आहे! तसंच ब्रिटानिया. जुन्या अधिकाऱ्याच्या रेकॉर्डवर पहिली नोंद एच.एम.एस. ब्रिटानिया दिसते ती लढाऊ बोट नव्हे, डार्टमथला नदीत नांगरून ठेवलेलं कॅडेटांचं शिकवणीचं जहाज, किनाऱ्यावरचं कॉलेज 1905 ला सुरू झालं. रॅम्से 1898 ला याच जहाजावर भरती झाला, पंधरा वर्षांचा पोरगा.

नेव्ही लिस्टने सांगाडा तयार झाला की लंडन गॅझेट उघडा. सरकारी राजपत्र, 1665 पासूनचं, वेबसाइटवर फुकट शोधता येतं. बढत्या, रिटायरमेंट, किताब, पदकं, सगळं यात. दोन गोष्टी सांभाळा. एक, छापल्याची तारीख आणि लागू झाल्याची तारीख वेगळी असते, वहीत लागू झालेली लिहायची आणि छापलेली बाजूला पेन्सिलने. दुसरी, युद्धाचे अहवाल, ज्यांना डिस्पॅच म्हणतात, ते सुरक्षेसाठी खूप उशिरा छापले गेलेत. रॅम्सेचा डंकर्कचा अहवाल गॅझेटमध्ये आला 1947 साली, घटनेनंतर सात वर्षांनी आणि तो स्वतः जाऊन दोन वर्षं होऊन गेल्यावर. त्यामुळे सर्च करताना मृत्यूच्या तारखेला थांबू नका. आणि स्कॅनमधली अक्षरं मशीनने वाचलेली असतात, ए च्या जागी ई होतो, रॅम्सेच्या स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार टाकून बघायचे.

तिसरी जागा म्हणजे लंडनमधल्या क्यू भागातलं नॅशनल आर्काइव्ह्ज. तिथे अधिकाऱ्यांची सर्व्हिस रेकॉर्ड्स एडीएम 196 या मालिकेत आहेत, पुढचे काही एडीएम 340 मध्ये, त्यांच्या डिस्कव्हरी कॅटलॉगमध्ये नाव टाकलं की समोर येतं आणि बऱ्याच जणांचं पान डाउनलोड करता येतं. हे पान पहिल्यांदा बघताना काहीच कळत नाही, बारीक अक्षर, रकान्यात कोंबलेलं, वेगवेगळ्या कारकुनांचे हात, कुठे शाई फिकट तर कुठे लाल. घाई करू नका. आधी फक्त जहाजांची नावं आणि तारखा काढा, त्या नेव्ही लिस्टशी जुळवा, मग उरलेलं. यात वरिष्ठांनी मारलेले शेरे पण असतात, दोन-चार शब्दांचे, आणि मला तर या शेऱ्यांसाठीच ही पानं आवडतात, कारण छापील चरित्रात ॲडमिरल झालेला माणूस लहानपणापासूनच ॲडमिरल असल्यासारखा वाटतो आणि इथे तो पंचवीस वर्षांचा कुणीतरी लेफ्टनंट असतो ज्याच्याबद्दल वरच्याला अजून खात्री नाही.

जहाजांची लॉगबुकं एडीएम 53 मध्ये आहेत. मी फार कमी उघडतो. हवा, दिशा, जागा हे सगळं मिळतं, माणूस क्वचितच. लढाईच्या एखाद्या दिवसाची खातरजमा करायची असेल तर जरूर बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे वही भरत आली की त्यातल्या मोकळ्या जागा वाचणं. रॅम्सेचा तक्ता डोळ्यांसमोर आणा. पहिल्या महायुद्धात 1915 पासून एम 25 नावाची छोटी मॉनिटर बोट (किनाऱ्यावर तोफा डागणारी), डोव्हर पट्रोलमध्ये, म्हणजे डोव्हरच्या सामुद्रधुनीवर पहारा देणाऱ्या पथकात, बेल्जियमच्या किनाऱ्यासमोर. मग ब्रोक ही डिस्ट्रॉयर, त्याच भागात, 1918 च्या बेल्जियममधल्या ऑस्टेंड बंदरावरच्या छाप्यात होती. 1923 ला कॅप्टन. क्रूझर, कॉलेजांत शिकवणं, मग रॉयल सॉव्हरिन ही मोठी लढाऊ नौका. 1935 ला रिअर ॲडमिरल आणि होम फ्लीटचा कमांडर-इन-चीफ रॉजर बॅकहाउसचा चीफ ऑफ स्टाफ. इथपर्यंत शिडी सरळ वर चाललीय. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नेमणूक संपते आणि तिसरा रकाना कोरा होतो, एक महिना नाही, सहा महिने नाही, तीन वर्षांहून जास्त. 1938 ला रिटायर्ड यादीत नाव.

अशी मोकळी जागा दिसली की तीन शक्यता तपासायच्या: आजारपण, जागाच शिल्लक नसणं, किंवा वरच्याशी बिनसणं. रॅम्सेचं तिसरं. बॅकहाउस सगळी कामं स्वतःच्या हाताखाली ठेवणारा, लहानसहान निर्णयही स्वतः घेणारा, आणि रॅम्सेचं म्हणणं की मग स्टाफ ठेवलाय कशाला, कामं वाटून द्या. जमलं नाही तेव्हा त्याने स्वतःहून जागा सोडायला मागितली. नेव्ही लिस्टमध्ये यातलं अक्षरही नाही, तिथे फक्त एक आकडा गायब होतो. कारण शोधायचं तर खाजगी कागदांकडे जावं लागतं, रॅम्सेचे कागद केंब्रिजला चर्चिल आर्काइव्ह्ज सेंटरमध्ये आहेत, त्यांची सूची ऑनलाइन वाचता येते आणि नुसती सूची वाचूनही खूप कळतं.

आणि मग ऑगस्ट 1939, युद्ध तोंडावर, रिटायर्ड यादीतल्या या माणसाला बोलावून डोव्हरचा व्हाइस ॲडमिरल केलं. का हाच? वहीत तीन ओळी वर जाऊन बघा, एम 25, ब्रोक, डोव्हर पट्रोल. तो किनारा, ती भरती-ओहोटी, त्या वाळूच्या पट्ट्या त्याने तरुणपणी पाहिल्या होत्या. डोव्हरच्या किल्ल्याखालच्या बोगद्यांत बसून त्याने 26 मे ते 4 जून 1940 मध्ये 3,38,226 माणसं पलीकडून आणली. नेमणुकांच्या रकान्यात वीस-पंचवीस वर्षांच्या अंतराने तेच ठिकाण परत आलं तर त्या दोन ओळी रेघेने जोडा, माझ्या वहीत ही सगळ्यात जाड रेघ आहे.

चौथा रकाना मात्र अजूनही रिटायर्डच म्हणतोय. सर झाला, 1943 ला सिसिलीच्या मोहिमेत पूर्वेकडच्या आरमाराची जबाबदारी सांभाळली, नॉर्मंडीसाठी दोस्तांच्या सगळ्या नौदलाचा प्रमुख म्हणून नाव ठरलं, तरीही. ॲक्टिव्ह यादीत त्याला परत घेतलं ते थेट एप्रिल 1944 मध्ये, हल्ल्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी, आणि तेव्हाच पूर्ण ॲडमिरल. रिटायर्ड यादीतही माणसाला वरचा हुद्दा मिळायचा, तो व्हाइस ॲडमिरल तसाच झाला होता, म्हणून "हुद्दा वाढला" यावरून "नोकरीत होता" असं धरायचं नाही आणि "रिटायर्ड" यावरून "घरी बसला" असंही नाही.

तक्ता झाला की त्याच्या वयाचा एखादा दुसरा अधिकारी घ्या आणि शेजारी ठेवा. एकट्या माणसाचं करिअर संथ की वेगवान हे सांगताच येत नाही. रॅम्सेच्या शेजारी अँड्र्यू कनिंगहॅम ठेवून बघा, जन्म 7 जानेवारी 1883 आणि रॅम्सेचा 20 जानेवारी 1883, तेरा दिवसांचं अंतर. कनिंगहॅमने स्कॉर्पियन ही एकच डिस्ट्रॉयर 1911 पासून 1918 पर्यंत चालवली. रिअर ॲडमिरल 1932 ला, म्हणजे रॅम्सेच्या तीन वर्षं आधी. 1937 ला हूड या युद्धनौकेवर त्याचा ॲडमिरलचा झेंडा, तेव्हा रॅम्से घरी. 1939 ला मेडिटरेनियनचा प्रमुख, मग टारांटो आणि मॅटापानच्या लढाया, आणि जानेवारी 1943 ला ॲडमिरल ऑफ द फ्लीट, तेव्हा रॅम्से त्याच्याच हाताखाली उत्तर आफ्रिकेची मोहीम आखून मोकळा झालेला आणि कागदावर रिटायर्ड. तेरा दिवसांनी लहान असलेला माणूस. ही दोन पानं शेजारी ठेवली तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

मुंबईचा संदर्भ असलेला माणूस हवा असेल तर जॉन गॉडफ्री घ्या, पद्धत शिकायला उत्तम. 1939 पासून नौदलाच्या गुप्तवार्ता खात्याचा डायरेक्टर, इयान फ्लेमिंग त्याचा मदतनीस होता. 1942 ला त्याला तिथून हलवलं आणि 1943 पासून रॉयल इंडियन नेव्हीचा प्रमुख. इथे दोन फांद्या फुटतात, कारण रॉयल इंडियन नेव्ही हे वेगळं दल, त्याची यादी वेगळी, आणि फक्त ब्रिटिश नेव्ही लिस्ट धरून बसलात तर फेब्रुवारी 1946 हातून निसटतो, ज्या महिन्यात कुलाब्याच्या तलवार या नौदल तळावरून खलाशांचा उठाव सुरू झाला आणि गॉडफ्रीने रेडिओवरून आख्खं नौदल नष्ट झालं तरी चालेल अशी धमकी दिली. ब्रिटिश चरित्रांत हे दोन ओळींत आटपतं. आपल्याकडच्या तेव्हाच्या वर्तमानपत्रांतून तो आठवडा वेगळाच दिसतो, म्हणून ज्या देशात नेमणूक होती तिथले कागद बघितल्याशिवाय त्या नेमणुकीची ओळ पक्की करू नका.

शेवटची ओळ लिहिताना एक काळजी. रॅम्से 2 जानेवारी 1945 ला पॅरिसजवळ तूस्यू-ल-नोबलला विमान अपघातात गेला, ब्रसेल्सला ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीबरोबरच्या बैठकीला निघाला होता, सेंट जर्मेन-आं-ले इथे त्याला पुरलंय. पण दोस्तांच्या नौदलप्रमुखाचं त्याचं पद चालूच राहिलं, त्याच्या जागी हॅरल्ड बरो आला, आणि 1945 च्या पुढच्या महिन्यांतले आदेश त्याच पदाच्या नावाने निघालेत. नुसतं पद बघून ते रॅम्सेच्या खात्यात टाकले जातात. म्हणून प्रत्येक मोठ्या नेमणुकीपुढे आधी कोण होतं आणि नंतर कोण आलं ही दोन नावं तारखेसकट लिहून ठेवा, आणि एखादा कागद त्या तारखांच्या बाहेर पडला तर तो बाजूला काढून दुसऱ्या माणसाच्या वहीत न्या.